सांधा का टिकतो, फळी का तडकते: सुतारकामाची मुळाक्षरं

सोलापुरात लाकडी दाराबद्दल दोन तक्रारी वर्षानुवर्षं ऐकू येतात. पावसाळ्यात दार चौकटीत अडकतं, खांदा लावल्याशिवाय लागत नाही. मग मे महिन्यात त्याच दाराच्या फळ्यांमधून पलीकडचा उजेड दिसू लागतो, एखादी फळी उभी तडकते. दोन्ही वेळा बोल मिस्त्रीला लागतो: "लाकूड कच्चं घातलं." कधी कधी ते खरंही असतं. पण लाकूड उत्तम वाळलेलं असूनही असं होतं. ते का होतं हे ज्या मिस्त्रीला ठाऊक असतं, तो दार करतानाच त्याची तजवीज करून ठेवतो.

सुतारकाम सध्या चर्चेतही आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत, त्यांत सुतारकाम आहे. ५ ते ७ दिवसांचं मूलभूत प्रशिक्षण, त्या काळात रोज ५०० रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत असं तिचं स्वरूप आहे. साहजिकच लोक विचारतात, आठवड्याभरात सुतारकाम येतं का? हात बसायला वर्षं लागतात. पण ही सगळी विद्या ज्या एका गोष्टीवर उभी आहे, ती एका बैठकीत समजू शकते. लाकूड तोडल्यावरही हलत राहतं, म्हणजे फुगत-आकसत राहतं. ते रुंदीत हलतं, लांबीत जवळजवळ हलत नाही. ही हालचाल होऊ द्यायची आणि तरीही वस्तू घट्ट, काटकोनात ठेवायची, हे सुतारकामाचं मूळ. सांधे त्यातून आले, फळी निवडायची पद्धतही त्यातूनच आली.

## लाकूड आतून कसं असतं

कडब्याची पेंढी डोळ्यांसमोर आणा. ज्वारीची ताटं एकमेकांना लागून, सगळी एकाच दिशेने. लाकूड आतून तसंच आहे. झाडाच्या बुंध्यातून वर चढणारे लाखो बारीक तंतू एकमेकांना चिकटून उभे असतात. फळीवर ज्या लांब रेषा दिसतात, ती या तंतूंची दिशा.

ही पेंढी भिजवली तर काय होईल? प्रत्येक ताट फुगेल, पेंढीचा घेर वाढेल, पण उंची तेवढीच राहील. पेंढीत पहार घातली तर ताटं सहज बाजूला होतात, मात्र तीच पेंढी मधोमध आडवी तोडायची तर कोयत्याला जोर लावावा लागतो. आणि पाणी सगळ्यात लवकर शिरतं ते कापलेल्या तोंडाकडून. लाकडाचे हे तीन स्वभाव लक्षात ठेवा: रुंदीत फुगणं-आकसणं, रेषेच्या दिशेने चिरफळणं, आणि टोकाकडून पाणी पिणं.

ओल्या लाकडात पाणी दोन ठिकाणी असतं. काही तंतूंच्या पोकळीत मोकळं असतं, काही तंतूंच्या भिंतीत मुरलेलं असतं. वाळताना आधी मोकळं पाणी जातं, तेव्हा लाकूड हलकं होतं पण आकसत नाही. पाण्याचं प्रमाण लाकडाच्या कोरड्या वजनाच्या साधारण २५ ते ३० टक्क्यांच्या खाली आलं की भिंतीतलं पाणी निघू लागतं, आणि आकसणं तिथून सुरू होतं. पुढे कितीही वर्षं गेली तरी लाकूड हवेशी पाण्याची देवाणघेवाण करत राहतं. आजोबांच्या काळातली फळीसुद्धा श्रावणात फुगते.

आणखी एक बारकावा आहे. ओंडक्याच्या टोकाशी जी वर्तुळं दिसतात, त्या वर्तुळांच्या दिशेने लाकूड जास्त आकसतं आणि गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेने कमी. सागवानाचं पूर्ण ओल्यापासून पूर्ण कोरड्यापर्यंतचं आकसणं वर्तुळांच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आहे, गाभ्याकडून सालीकडे सुमारे २.५ टक्के. म्हणजे दुपटीहून जास्त फरक. म्हणून वखारीत फळी घेताना तिच्या टोकाकडे बघायचं. तिथे रेषा उभ्या, फळीच्या जाडीच्या दिशेने असतील तर ती फळी शांत राहील. कमानीसारख्या वाकड्या असतील तर ती जास्त हलेल आणि वाळताना वाकेलही. साल ज्या बाजूला होती, ती बाजू खोलगट होते. वरून सुंदर नक्षी दिसणाऱ्या फळ्या बऱ्याचदा या दुसऱ्या प्रकारच्या असतात. नक्षी हवी असेल तर जरूर घ्या, पण तिची हालचाल धरून काम करा.

## सोलापूरच्या हवेत ही हालचाल किती?

हे सगळं ऐकायला बारीकसारीक वाटतं, म्हणून हिशेबच करू. हवेत ३० टक्के आर्द्रता असेल तर तिथे ठेवलेलं लाकूड हळूहळू ६ टक्क्यांच्या आसपास पाण्यावर स्थिरावतं. आर्द्रता ८० टक्के असेल तर १५-१६ टक्क्यांवर. सोलापूरचा मे महिना चाळीस अंशांच्या पलीकडचा आणि ठणठणीत कोरडा, पावसाळ्यातली हवा दमट. लाकूड हवेइतक्या वेगाने बदलत नाही, त्यामुळे ही दोन्ही टोकं ते गाठत नाही. तरी घरातल्या फळीत वर्षभरात ५-६ टक्क्यांचा फरक धरायला हरकत नाही.

सागवानाची एक फूट, म्हणजे सुमारे ३०० मिलिमीटर रुंदीची, कमानी रेषांची फळी घ्या. पाण्यातल्या दर एक टक्का फरकाला ती साधारण ०.२ टक्के हलते. सहा टक्क्यांना १.२ टक्के. म्हणजे साडेतीन मिलिमीटर. तीन फूट रुंदीचं दार अशा सलग फळ्या जोडून केलं, तर त्याची रुंदी उन्हाळा-पावसाळ्यात एक सेंटिमीटरपर्यंत बदलू शकते. चौकटीत दाराभोवती आपण दोन-तीन मिलिमीटर फट ठेवतो. दार अडकणार हे ठरलेलंच आहे.

याच कारणामुळे मुंबई किंवा कोकणातून बदली होऊन आलेल्यांचं सुस्थितीतलं लाकडी कपाट इथल्या पहिल्याच उन्हाळ्यात कुरकुरायला लागतं, त्याच्या पाट्यांत फटी पडतात. कपाटात खोट नसते. दमट हवेला सरावलेलं लाकूड कोरड्या हवेत पाणी सोडत असतं. तेव्हा नवं लाकूड आणलं की लगेच कापायला घेऊ नका. ज्या घरात वस्तू राहणार तिथेच, फळ्यांमध्ये आडव्या पट्ट्या घालून, सगळीकडून वारा लागेल असं काही आठवडे ठेवा.

"पॉलिश केलं की पाणी शिरत नाही ना?" असं बरेच जण विचारतात. पॉलिश, वॉर्निश, पेंट यांनी पाण्याची ये-जा मंदावते, थांबत नाही. त्यातही टेबलाची वरची बाजू चकचकीत पॉलिश केली आणि खालची कोरी ठेवली, तर दोन बाजू वेगवेगळ्या वेगाने हलतात आणि फळी वाकते. खालची बाजू कुणी बघत नसलं तरी तिलाही तेवढेच हात द्यावे लागतात.

## मग दार कसं करायचं?

यावर जुन्या सुतारांनी शोधलेलं उत्तर इतकं देखणं आहे की मला ते पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं. वाड्यातलं जुनं दार, देवघराचं दार, कपाटाचं दार बघा. भोवती अरुंद पट्ट्यांची चौकट असते आणि तिच्या आत रुंद पॅनेल, म्हणजे मधली पाटी. चौकटीच्या पट्ट्या तीन-चार इंच रुंदीच्या, त्यामुळे त्यांची हालचाल नगण्य. दाराची उंची ज्या उभ्या पट्ट्या ठरवतात, त्यांचे तंतू उभे, म्हणजे उंची बदलतच नाही. दाराची रुंदी बरीचशी आडव्या पट्ट्यांच्या लांबीवर ठरते, आणि लांबीत लाकूड हलत नाही. राहिली मधली रुंद पाटी. ती चौकटीच्या आतल्या खाचेत नुसती बसवलेली असते. तिला सरस लावत नाहीत, खिळा मारत नाहीत. ती खाचेतल्या खाचेत फुगते, आकसते, आणि दाराचं माप जागचं हलत नाही.

इथे सोलापुरात काम करणाऱ्याने महिना बघायचा. पॅनेल मे महिन्यात बसवत असाल तर ते पुढे फुगणार आहे, म्हणून दोन्ही बाजूंना मिळून चार मिलिमीटरच्या आसपास जागा रिकामी सोडायची. ऑगस्टमध्ये बसवत असाल तर ते आकसणार आहे. तेव्हा जागा थोडी कमी चालेल, पण पॅनेलची कड खाचेत चांगली खोल शिरलेली हवी, नाहीतर उन्हाळ्यात ती बाहेर डोकावेल. आणि पॅनेल बसवण्याआधी त्याच्या कडांसकट पॉलिश करून घ्यायचं. जोडून झाल्यावर पॉलिश केलं तर पहिल्या उन्हाळ्यात पाटी आकसते आणि कडेला कोऱ्या लाकडाची पांढुरकी पट्टी उघडी पडते.

एकदा हे दार समजलं की बाकीच्या वस्तू ओळखीच्या वाटायला लागतात. टेबलाची फळी खालच्या चौकटीला जोडताना स्क्रूचं भोक गोल न ठेवता लांबट ठेवतात, ते याचसाठी. फळीला सरकायला वाट मिळते.

## सांधा म्हणजे नेमकं काय?

दोन लाकडं एकमेकांत अशी अडकवायची की ओढली, वाकवली, पिळली तरी सुटू नयेत. ही जोडणी म्हणजे सांधा. प्रकार शेकड्यांनी आहेत, पण सुरुवातीला तीन पुरतात.

पहिला अर्धा सांधा, कारागीर त्याला हाफ लॅप म्हणतात. दोन्ही पट्ट्या निम्म्या जाडीपर्यंत कापायच्या आणि एकावर एक बसवायच्या. शिकायला सोपा, साध्या चौकटींना पुरेसा.

दुसरा सगळ्यांत महत्त्वाचा. एका लाकडाच्या टोकाला चौकोनी जीभ काढायची, तिला कूस म्हणतात. दुसऱ्या लाकडात तिच्या मापाची खोबण पाडायची. कूस खोबणीत बसली की झाला सांधा. नवे कारागीर याच दोघांना टेनन आणि मॉर्टिस म्हणतात. कुसाची जाडी लाकडाच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शाइतकी ठेवायची. त्याहून जाड केली तर खोबणीच्या भिंती पातळ पडून फुटतात, बारीक केली तर कूसच तुटते. कुसाच्या मुळाशी जी सपाट पायरी राहते, तिला खांदा म्हणतात. चौकट तिरकी होऊ न देण्याचं काम खांदा करतो, म्हणून तो अगदी काटकोनात आणि चपखल बसायला हवा. नवशिक्याचं सगळं लक्ष कुसाकडे असतं, पण सांधा ढिला पडतो तो बहुतेक वेळा खांदा नीट टेकलेला नसतो म्हणून.

या सांध्यातही हालचालीचा प्रश्न आहेच. कुसाचे तंतू आडवे, खोबणीचे उभे. कूस फार रुंद असेल तर तिचं फुगणं-आकसणं खोबणीला सोसत नाही. म्हणून दाराची खालची पट्टी रुंद असेल तर तिला एक मोठी कूस न काढता मध्ये जागा सोडून दोन छोट्या काढतात.

तिसरा डोव्हटेल. ड्रॉवरच्या कोपऱ्यात एकमेकांत गुंतलेले पंखाकृती दात दिसतात, तो हा. ड्रॉवर रोज ओढला जातो, आणि हे दात ओढण्याच्या दिशेला सुटूच शकत नाहीत. याला वेळ लागतो, कूस जमल्याशिवाय हात घालू नये.

सांधेजोडणीची कमाल बघायची असेल तर कुठेतरी अजून उभी असलेली जुनी बैलगाडी शोधा. चाकाचे आरे मधल्या तुंब्यात कूस-खोबणीनेच बसवलेले असतात. वरून लोखंडी धाव, म्हणजे चाकाभोवतीची लोखंडी पट्टी, लाल होईपर्यंत तापवून चढवतात. तापल्यावर ती फुगलेली असते, पाणी ओतलं की आकसते आणि सगळे सांधे एकदम आवळून धरते. उन्हाळ्यात लाकूड वाळून आकसलं की धाव ढिली पडायची, तेव्हा शेतकरी चाकं पाण्यात बुडवून ठेवायचे. लाकूड फुगायचं, चाक पुन्हा घट्ट. आपल्या भागातल्या लोकांना लाकडाची हालचाल पुस्तकावाचून ठाऊक होती.

## खिळे आणि स्क्रू असताना एवढी कोरीव मेहनत कशाला?

हा आक्षेप रास्त आहे. खिळे, स्क्रू वाईट नाहीत, पण ते कुठे चालतात आणि कुठे नाही हे कळलं पाहिजे. लाकडाच्या टोकाच्या बाजूने मारलेला खिळा तंतूंच्या मधोमध, त्यांच्याच दिशेने शिरतो. त्याला धरून ठेवायला काही नसतं, तो लवकर निसटतो. सरसाचंही तसंच. आज बहुतेकांसाठी सरस म्हणजे फेविकॉल, तो १९५९ मध्ये बाजारात आला. त्याआधी जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला सरस तापवून लावत. कुठलाही सरस तंतूंच्या बाजूवर घट्ट धरतो. टोकाच्या तोंडावर मात्र तो आत शोषला जातो आणि वर पुरेसा थर राहत नाही. लांबीच्या बाजूने नीट चिकटवलेल्या दोन फळ्या मोडायला गेलात तर बऱ्याचदा सरस टिकतो आणि शेजारचं लाकूड फाटतं. टोकाला चिकटवलेली फळी मात्र हाताने सुटते. कूस काढण्याचा मोठा फायदा इथे आहे. टोक टोकाला चिकटवण्याऐवजी कुसाच्या बाजूंची, सरस धरणारी जागा आपण तयार करतो.

घरातला लाकडी पाट घ्या. वर रुंद फळी, खाली दोन आडव्या पट्ट्या. या पट्ट्या फळीला दोन्ही कडांना घट्ट स्क्रू किंवा सरस लावून आवळल्या तर फळीला हलायला वाव राहत नाही, आणि कोरड्या हवेत ती मधून तडकते. पट्टी मध्यभागी पक्की करून कडेची भोकं लांबट ठेवली, तर स्क्रूनेही तो पाट वर्षानुवर्षं टिकेल.

## प्लायवूडच्या जमान्यात हे कोण करतं?

सोलापुरातलं बहुतेक घरकाम आज प्लायवूडमध्ये होतं, आणि त्यात कमीपणा नाही. प्लायवूड म्हणजे लाकडाच्या हालचालीवर कारखान्याने दिलेलं उत्तर. लाकडाचे पातळ पापुद्रे एकमेकांना काटकोनात रचून चिकटवतात. एका थराला आडवं फुगायचं असतं, तर शेजारच्या थराचे तंतू त्याच दिशेने असतात आणि ते त्याला धरून ठेवतात. थरांची संख्या विषम असते, त्यामुळे दोन्ही बाजूंचा ताण सारखा राहतो आणि तक्ता वाकत नाही.

पण मूळ नियम इथेही पाठ सोडत नाहीत. तक्त्याच्या चारही कडांना कापलेले थर उघडे असतात, आणि पाणी तिथूनच शिरतं. म्हणून कडेला पट्टी लावणं हे शोभेपेक्षा संरक्षणाचं काम आहे. एमआर असा शिक्का असलेलं प्लायवूड, जे आयएस ३०३ या मानकाखाली येतं, ते दमट हवेला टिकतं, पाण्यात उभं राहायला नाही. स्वयंपाकघरात सिंकखाली आयएस ७१० चा शिक्का असलेलं, म्हणजे मरीन, घ्या. कडेच्या बाजूने स्क्रू मारताना आधी बारीक भोक पाडलं नाही तर थर फाकतात. एमडीएफमध्ये, म्हणजे लाकडाच्या बारीक तंतूंचा दाबून केलेल्या तक्त्यात, तर कडेचा स्क्रू जास्तच कच्चा.

आणि पुस्तकांच्या ओझ्याने मध्ये झोल खाल्लेली फळी ज्यांच्या घरी आहे, त्यांच्यासाठी एक हिशेब. फळीचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. जाडी दुप्पट केली तर ताठपणा आठपट. म्हणून सगळी फळी जाड करण्यापेक्षा तिच्या पुढच्या कडेला दीड-दोन इंच उंचीची लाकडी पट्टी उभी चिकटवली, तर कमी खर्चात झोल थांबतो.

## आखणी आणि धार: इथेच निम्मं काम होतं

शिकणारा बहुतेक वेळा करवतीपासून सुरुवात करतो. सुरुवात गुण्यापासून, म्हणजे काटकोन तपासायच्या अवजारापासून व्हायला हवी. प्रत्येक तुकड्याची एक बाजू आणि तिला लागून असलेली एक कड रंधा मारून सपाट आणि काटकोनात करायची, त्यांवर खूण करायची, आणि पुढची सगळी मापं त्या दोन बाजूंवरूनच घ्यायची. चारही बाजूंवरून मापं घेतली की प्रत्येक बाजूची चूक एकमेकींत मिसळते. चौकट काटकोनात आहे का हे बघायला दोन्ही कर्ण मोजा, सारखे भरले तर ठीक. मोठ्या मापाला एका बाजूवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट खूण करा. दोन खुणांमधलं अंतर बरोबर ५ फूट आलं तर कोपरा काटकोनात आहे.

रेषा पेन्सिलीने न काढता धारदार सुरीने काढा. सुरी तंतू कापून ठेवते, मग करवत किंवा पटाशी (लाकूड तासायचं सपाट धारेचं अवजार) त्या रेषेवर आली की लाकडाच्या कपच्या उडत नाहीत. आणि जिथे शक्य तिथे मोजूच नका. कूस तयार झाली की ती दुसऱ्या लाकडावर ठेवून तिचीच खूण घ्या.

करवती दोन तऱ्हेच्या असतात, आणि कारण तेच पेंढीचं. तंतूंच्या दिशेने चिरायच्या करवतीचे दात पटाशीसारखे सरळ घासलेले असतात, ते तंतू खरवडून काढतात. आडवं कापायच्या करवतीचे दात सुरीसारखे तिरके, ते तंतू तोडतात. चुकीच्या करवतीने नवशिक्याची निम्मी ताकद वाया जाते. रंधाही तंतू ज्या बाजूला चढत जातात त्या बाजूने मारायचा. उलटा मारला तर लाकूड उपटून येतं. एका बाजूने उपटतंय असं दिसलं की जोर लावू नका, फळी फिरवून घ्या.

धारेबद्दल मला आग्रहाने सांगायचं आहे. नवी विकत आणलेली पटाशी बहुधा कामाला तयार नसते. तिची मागची सपाट बाजू दगडावर आरशासारखी करायची, पुढचा उतार साधारण २५ अंशांचा, आणि टोकाशी ३० अंशांची बारीक धार. घासताना मागच्या बाजूला धातूचा सूक्ष्म कंगोरा बोटाला लागला की समजायचं धार टोकापर्यंत पोहोचली, मग तो कंगोरा काढून टाकायचा. पारख करायला पाइनसारख्या मऊ लाकडाचं टोक तासून बघा. पृष्ठभाग गुळगुळीत आला तर धार आहे, चुरा झाला तर नाही. बोथट पटाशीला जास्त जोर लावावा लागतो, आणि हात कापतो तो त्या जोराने सटकल्यावर.

## मशिनशिवाय जमेल का?

जमेल. करवत, एक रंधा, तीन पटाश्या, गुण्या, कडेला समांतर रेषा आखायचं मार्किंग गेज, पटाशीवर ठोकायची लाकडी मोगरी, धारेचा दगड आणि लाकूड पक्कं धरायची सोय, एवढ्यावर या लेखातलं जवळजवळ सगळं होतं. मशिनने वेग येतो, आणि पोट भरायचं तर वेग लागतोच. पण ग्राइंडरला लाकूड कापायची दातेरी चकती लावून हातात धरून फळ्या कापायची जी रीत पसरली आहे, ती सोडून द्या. ती चकती लाकडात अडकली की मशिन उलटी अंगावर येते. भुश्शाकडेही दुर्लक्ष नको. लाकडाच्या बारीक धुळीची गणना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने माणसाला कर्करोग करणाऱ्या घटकांत केली आहे. चांगला मास्क आणि उघडी खिडकी हा अवजारांचाच भाग समजा.

## आमच्या घरात कुणी सुतार नव्हतं, आम्ही शिकावं का?

बारा बलुतेदारांत सुतार होता. नांगर, तिफण, गाडी, घराची तुळई, सगळं त्याच्या हातचं, आणि मोबदला धान्यात मिळायचा. विद्या बापाकडून मुलाकडे जायची, त्यामुळे ती जातीच्या चौकटीत राहिली. बाहेरच्याला ती मिळाली नाही आणि आतल्याला ती सोडण्याची मुभा नव्हती, दोघांचंही नुकसान झालं. मुलींना तर दोन्हीकडून दार बंद होतं. पटाशी चालवायला मनगटापेक्षा धार आणि धीर लागतो, त्यामुळे मुलींनी मागे राहण्याचं काही कारण नाही.

पीएम विश्वकर्मा योजना मात्र स्वतःच्या हाताने हा व्यवसाय करणाऱ्या, १८ वर्षांवरच्या कारागिरांसाठी आहे. एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो आणि नोंदणी सामायिक सेवा केंद्रातून होते. हौसेने शिकणाऱ्याला ती लागू नाही. व्यवसाय म्हणून शिकायचं असेल तर आयटीआयमध्ये सुतारकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो, जवळच्या संस्थेत तो चालू आहे का याची प्रवेशाआधी चौकशी करा. व्हिडिओ बघून हालचाली कळतात, पण आपला रंधा का अडतोय हे शेजारी उभा असलेला अनुभवी माणूसच एका नजरेत सांगतो. जवळच्या कारखान्यात आठवड्यातून एक दिवस झाडझूड करत बसायची परवानगी मिळाली तरी ती मोलाची.

पहिली वस्तू म्हणून मी चौरंग सुचवेन. चार पाय, चार आडव्या पट्ट्या, म्हणजे आठ कूस आणि आठ खोबणी, आणि वर एक फळी. आठवी कूस पहिलीपेक्षा किती चांगली झाली ते तुम्हालाच दिसेल. त्याआधी वखारीतून टाकाऊ तुकडे आणून एकच काम करा: रेषेवर कापणं. कापल्यावर रेषेची अर्धी जाडी लाकडावर राहिली पाहिजे.

वखारीत गेल्यावर भाव घनफुटाचा असतो, तो हिशेब स्वतः करता यायला हवा. लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत घ्या, तिन्हींचा गुणाकार करून १४४ ने भागा. ८ फूट लांब, ६ इंच रुंद, दीड इंच जाड फळी म्हणजे ७२ भागिले १४४, अर्धा घनफूट. दीड इंची फळी दोन्ही बाजूंनी रंधून सव्वा इंचावर येते, तेव्हा हव्या त्या मापापेक्षा जाड घ्या. कडेचा फिकट पांढरा भाग टाळा, वाळवी आधी तिथे लागते, सागवानाच्या गडद गाभ्याला ती सहसा शिवत नाही. पण पहिल्या चौरंगासाठी सागवान घ्यायची घाई नको. कडुनिंब किंवा आंबा स्वस्त पडतो, हात बसेपर्यंत तोच कापा. बाभूळ मात्र सुरुवातीला नको. गाडीच्या चाकाला ती उत्तम, पण नव्या हाताची पटाशी तिच्यावर दहा मिनिटांत बोथट होते.